श्रेयस, स्वधर्म आणि डिझाइनचे उच्चशिक्षण

डिझाइन या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे की नाही, आणि घ्यायचेच तर ते कोठे घ्यावे, हा प्रश्न आज बहुतेक घरांत शुल्क, शिष्यवृत्ती, संस्थेचे मानांकन आणि पदवीनंतर मिळणारा पगार यांच्या हिशेबाने सोडवला जातो. हा हिशेब करू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यातून मोजली जातात ती साधने, आणि ती कशासाठी जमवायची याचे उत्तर कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. त्या उत्तराचा शोध भारतीय तत्त्वपरंपरेने ज्या संकल्पनांच्या आधारे घेतला, त्यांपैकी कठोपनिषदातील श्रेयस आणि गीतेतील स्वधर्म या दोन संकल्पना या निर्णयाला थेट लागू पडतात.

श्रेयस म्हणजे जे अंती हिताचे, आणि प्रेयस म्हणजे जे तत्काळ हवेसे वाटते. कठोपनिषदात मृत्युदेव यम नचिकेता या मुलाला हा भेद सांगतो तेव्हा नचिकेता परीक्षेतून पार पडलेला असतो. संपत्ती, हत्ती-घोडे, दीर्घायुष्य आणि पुत्रपौत्र यांचे आमिष त्याने नाकारलेले असते. या कथेचा अर्थ बहुधा वैराग्यपर लावला जातो, पण तिच्यातील युक्तिवाद त्याहून सूक्ष्म आहे. मृत्यूनंतर माणसाचे काय होते हा नचिकेत्याचा प्रश्न आहे, आणि यमाने दुसरा कोणताही वर माग म्हटल्यावर तो उत्तर देतो की, या प्रश्नावर बोलणारा यमासारखा दुसरा कोणी मिळणे शक्य नाही. म्हणजे गुरूची निवड त्याच्या कीर्तीवरून झालेली नाही, ती प्रश्नावरून झालेली आहे. मृत्यूविषयी विचारायचे असल्याने मृत्यूपाशीच थांबणे भाग होते.

उच्चशिक्षणाच्या प्रचलित व्यवहारात हा क्रम उलटा होतो. आधी संस्थांची यादी तयार होते, मग अर्जासोबत जोडायचे उद्देशपत्र त्या त्या संस्थेला रुचेल अशा बेताने लिहिले जाते, आणि विद्यार्थ्याचा म्हणून जो प्रश्न त्यात येतो तो अर्ज भरताना सुचलेला असतो. अन्य काही विद्यांत हे कदाचित खपून जाईल. डिझाइनमध्ये ते खपत नाही, आणि त्याचे कारण या विद्येच्या स्वरूपातच आहे. अमेरिकन विचारवंत हर्बर्ट सायमन यांनी १९६९ साली केलेल्या व्याख्येचा आशय असा की, असलेल्या स्थितीचे अधिक पसंतीच्या स्थितीत रूपांतर करण्याचे मार्ग योजणारा प्रत्येक जण डिझाइनच करत असतो. ही पसंती कोणाची, हे व्याख्या सांगत नाही. आशा कार्यकर्तीला रोज भरावी लागणारी नोंदवही सुधारायची, की खरेदीच्या अ‍ॅपवर ग्राहकाला आणखी काही मिनिटे खिळवून ठेवायचे, ही दोन्ही कामे व्याख्येत सारखीच बसतात. त्यांतील भेद कौशल्याचा नाही, तो श्रेयस आणि प्रेयस यांचा आहे, आणि तो प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःच करायचा असतो.

या विद्येच्या भारतातील आरंभाशी गीतेचा संबंध आहे, ही गोष्ट जितकी लक्षात घेतली जावी तितकी घेतली जात नाही. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली जो अहवाल सादर केला, त्याच्या प्रारंभी त्यांनी कर्माचा अधिकार आणि फलाची अनासक्ती सांगणारे गीतावचन दिले. याच अहवालाच्या पाठोपाठ १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. आपण पाहिलेल्या वस्तूंत ईम्स यांना सर्वांत थोर वाटला तो साधा लोटा. तो भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, डोक्यावर किंवा कमरेवर कसा बसतो, लहान-मोठ्या हातांच्या पकडीत कसा मावतो, धार कशी पडते, तो आतून कसा घासता येतो, त्याची किंमत किती आणि मोडीत काय येते, अशा प्रश्नांची लांबलचक मालिका त्यांनी मांडली, आणि हा लोटा कोणा एकाने रचलेला नसून अनेक पिढ्यांनी घडवलेला आहे असा निष्कर्ष काढला. त्या पिढ्यांमध्ये कोण होते, हे महाराष्ट्राच्या संदर्भात सांगता येते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट तांब्याचा पत्रा ठोकून भांड्याला आकार देतात आणि मग हातोडीच्या सारख्या, दाट ठोक्यांनी त्यावर मठारकाम करतात. त्या ठोक्यांनी पृष्ठभागाला लकाकी येते आणि पत्राही बळकट होतो. या कौशल्यासाठी कोणतीही पदवी लागली नाही.

मग पदवी हवी कशाला, असा प्रश्न येथे उभा राहतो, आणि त्याचे गंभीर उत्तर स्वधर्माच्या संकल्पनेतील अडचणीतून मिळते. स्वतःचा धर्म उणा असला तरी परधर्माहून श्रेष्ठ, असे गीता दोनदा बजावते; परंतु हा स्वधर्म जन्माने ठरतो असे मानले, तर तांबटाच्या मुलाने तांबटच व्हावे असा त्याचा अर्थ होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेवर जो आक्षेप घेतला त्याचा गाभाच हा होता की, ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, आणि तिच्यात नैसर्गिक कल किंवा निवड यांना जागा नाही. हा आक्षेप निरुत्तर करणारा आहे आणि तो मान्य केल्यावाचून स्वधर्माविषयी बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. डिझाइनची पदव्युत्तर संस्था निदान तत्त्वतः जन्म आणि कौशल्य यांची ही गाठ सोडवते. ज्याच्या घरात कोणी कधी हातोडी धरली नाही त्यालाही ती घडवण्याचा अधिकार देते, आणि कारागिराच्या मुलीला स्वतःच्या घरची विद्या तपासून पाहण्याचा. दुसरे काम या संस्थांकडून पहिल्याच्या मानाने फारच थोडे झाले आहे.

जन्माचा आधार काढून घेतल्यावर स्वधर्मात काय उरते, याचा एक धागा विनोबा भावे यांच्या गीता प्रवचनांत मिळतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या या प्रवचनांत विनोबा सांगतात की, स्वधर्म शोधून काढावा लागत नाही, तो सहजप्राप्त असतो. आईवडील, शेजारी आणि समाज यांची सेवा माणसाकडे आपोआप चालत येते. येथे जन्माने व्यवसाय नव्हे तर शेजार ठरतो, असा अर्थ घेतला तर आंबेडकरांचा आक्षेप शिरोधार्य मानूनही ही संकल्पना वापरता येते. विद्यार्थ्याने कोणते काम करावे हे जन्म ठरवत नाही; परंतु कोणाच्या अडचणी त्याला इतरांहून आधी दिसतात, कोणाची भाषा त्याला कळते, हे त्याच्या शेजारावर बरेच अवलंबून असते.

या निर्णयात आणखी एक अवघड गोष्ट आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ एल. ए. पॉल यांनी २०१४ च्या ग्रंथात दाखवून दिले की, काही अनुभव माणसाच्या आवडीनिवडीच पालटून टाकतात, त्यामुळे आजच्या आवडीवरून त्यांची निवड करता येत नाही. दोन वर्षांचे डिझाइन शिक्षण अनेकांच्या बाबतीत असाच अनुभव ठरते. म्हणूनच ‘पुढे काय आवडेल’ यापेक्षा ‘आज कोणती अडचण स्वस्थ बसू देत नाही’ हा प्रश्न अधिक भरवशाचा आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे कृष्णही अर्जुनाला सर्व सांगून झाल्यावर, याचा पूर्ण विचार कर आणि मग इच्छेप्रमाणे कर, असेच म्हणतो. विचाराचा भार गुरू उचलत नाही.

‘कोठे’ या प्रश्नाचे उत्तर यातून बरेचसे आपोआप मिळते. परदेश हा स्वतः श्रेयसही नाही आणि प्रेयसही नाही. भारतात औद्योगिक डिझाइनचे शिक्षण नुकतेच रुजत असताना सुधाकर नाडकर्णी जर्मनीतील उल्म येथे शिकले, आणि पवईच्या आयआयटीत १९६९ मध्ये इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर उभे करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. जे येथे नव्हते ते आणण्यासाठी ते जाणे आवश्यक होते. अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांचा प्रश्न देवनागरी अक्षराचा होता, आणि त्यासाठी मुंबईची जे. जे. कलासंस्था, जाहिरातक्षेत्र आणि पुढे पवईच हे योग्य ठिकाण होते. संगणकावरचा मंगल हा फाँट त्यांनी घडवला. ज्याचा प्रश्न मराठी शाळेतल्या पाठ्यपुस्तकाचा आहे त्याने केवळ नावासाठी नेदरलँड्समधील डेल्फ्टला जाणे अनाठायी आहे, आणि ज्याचा प्रश्न येथे कोणी शिकवत नाही अशा तंत्राचा आहे त्याने अहमदाबादवर समाधान मानणेही तितकेच अनाठायी. मोठे शैक्षणिक कर्ज घेताना मात्र एक गोष्ट स्पष्टपणे पाहिली पाहिजे: हप्ते फिटेपर्यंत कोणासाठी काम करायचे हे बहुधा हप्ताच ठरवतो, आणि ज्या प्रश्नासाठी शिक्षण घेतले तोच त्या वर्षांत मागे पडतो. अशा वेळी कमी खर्चाची, पण प्रश्नाच्या जवळची संस्था अधिक चांगली.

ज्या विद्यार्थ्याजवळ असा प्रश्न अद्याप नाही, त्याने तो उद्देशपत्रासाठी बनवू नये. एखाद्या कार्यशाळेत, छापखान्यात, रुग्णालयात किंवा कारखान्यात वर्ष-दोन वर्षे काम करावे. त्याने वाट बंद होत नाही: आयआयटी मुंबईतर्फे घेतल्या जाणाऱ्या सीड या डिझाइनच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेला वयाची अट नाही, आणि ती कितीही वेळा देता येते.