घालण्यासारखं, पुसण्यासारखं

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मी माझं कपाट आवरायला काढलं आणि त्यातून ४३ टी-शर्ट निघाले. मोजायचे म्हणून मोजले नव्हते. पलंगावर दहा-दहाचे ढीग लावत गेलो आणि पाचवा ढीग सुरू झाला तेव्हा चपापलो. मी काही कपड्यांचा शौकीन माणूस नव्हे. ‘ह्याला काय, कुठलाही टी-शर्ट चालतो’ असा माझा घरात लौकिक आहे. त्या ४३पैकी मी पैसे देऊन घेतलेले जेमतेम १५ असतील. बाकीचे आपोआप आले होते. कंपनीचा वर्धापनदिन, अर्धमॅरेथॉन, शाळेच्या बॅचचं स्नेहसंमेलन, भाच्याच्या हळदीला सगळ्या मामांना वाटलेले एकसारखे पिवळे. नाही म्हणायचं सुचलं नाही म्हणून घेतलेले, आणि टाकवत नाही म्हणून ठेवलेले.

त्यातले ११ ठेवले आणि उरलेले दोन मोठ्या पिशव्यांत भरले. काखेत पिवळे पडलेले, गळा सैल झालेले, आमटीचा डाग न गेलेला एक, असे सगळेच. नऊ वर्षं आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी आल्या तेव्हा पिशव्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्या क्षणी मला आपण बरे गृहस्थ आहोत असं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मावशी स्वयंपाकघराच्या दारात बसल्या. एकेक टी-शर्ट काढून उजेडाकडे धरला, शिवणीला ताणून पाहिला. नऊ बाजूला काढले. उरलेल्यांची चळत माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, “दादा, घालण्यासारखं हाय ते नेते. पुसण्यासारखं तुमीच ठेवा. फरशी तुमच्याकडं बी हायच की.”

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. भाजी निवडावी तसं निवडून त्या उठल्या आणि भांड्यांना लागल्या. मी मात्र ती चळत हातात घेऊन बराच वेळ उभा होतो.

लहानपणी आमच्या वाड्यात बोहारीण यायची. डोक्यावर पाटी, पाटीत स्टीलचे डबे, पातेली. आई तिच्यापुढे बाबांच्या पँटी, जुन्या साड्या टाकायची आणि मग तासभर घासाघीस चालायची. बोहारीण कपडा उजेडाकडे धरायची, विरलेली जागा बोटाने दाखवायची, ‘ह्यावर डबा नाय, चमचा देईन’ म्हणायची. आई चिडायची. पण त्या व्यवहारात एक गोष्ट होती, जी माझ्या दोन पिशव्यांमध्ये नव्हती: समोरच्या बाईला नाही म्हणता येत होतं. नकार द्यायची सोय नसेल, तर आपण देतो त्याला देणं म्हणावं का? मावशींनी तो नकार दिला, आणि त्यामुळेच त्यांनी नेलेले नऊ टी-शर्ट ही खरी भेट ठरली. उरलेल्यांच्या बाबतीत मी दाता नव्हतोच. मी माझा कचरा दुसऱ्याच्या घरी पाठवायच्या बेतात होतो, आणि वर त्याबद्दल पुण्यही हवं होतं.

हे आपण एकेकटेही करतो आणि सगळे मिळूनही करतो. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापुरात पूर आला तेव्हा आमच्या सोसायटीतून टेम्पोभर कपडे गेले. सांगलीतला माझा मामेभाऊ नंतर सांगत होता, की चिखल उपसणाऱ्या माणसांना जुन्या कपड्यांचे ढीगही उपसावे लागले. त्या टेम्पोतही माझी एक पिशवी होती. तिच्यात काय होतं ते मला आठवत नाही, आणि तेच जास्त टोचतं. अंशू गुप्ता यांनी १९९९मध्ये सुरू केलेली ‘गूंज’ ही संस्था गोळा केलेले कपडे नुसते वाटत सुटत नाही. गावाने आपल्याच गरजेचं काही काम करायचं, विहीर, रस्ता, बांध, आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे, अशी पद्धत तिने रुजवली. पूर्वी मला यात उगाच आडवळण वाटायचं. आता कळतं, की घेणाऱ्याला मान वर ठेवता यावी म्हणून हे वळण आहे.

पण मुळात ४३ आले कुठून, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे त्याचं उत्तर तयार असतं: अपरिग्रह. जैनांच्या पाच व्रतांत तो आहे, पतंजलीच्या यमांत आहे. १९३०मध्ये गांधीजींनी इथल्याच येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांबद्दल पत्रं लिहिली. ती पुढे ‘मंगलप्रभात’ म्हणून पुस्तकरूपाने आली. त्यात त्यांनी अस्तेयाचा अर्थ फार ताणला आहे. ज्या वस्तूची आपल्याला खरी गरज नाही ती घेणं हीसुद्धा चोरीच, मग ती कुणी राजीखुशीने दिलेली का असेना. त्या हिशेबाने अर्धमॅरेथॉनचा फुकट टी-शर्ट घेताना मी चोर होतो. ऐकायला कडक वाटतं, पण कपाटासमोर उभं राहून ते खोडून काढणं मला जमलं नाही.

आजच्या काळातलं दुसरं उत्तर मारी कोंडो या जपानी बाईंचं. प्रत्येक वस्तू हातात घ्या, ती आनंद देते का बघा. देत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्या. त्यांची टी-शर्ट उभे रचायची पद्धत मी उचलली आहे, आणि ती उत्तम आहे. खणातला प्रत्येक टी-शर्ट दिसतो, खालचा काढताना वरचे विस्कटत नाहीत. पण त्यांचा प्रश्न मला पुरत नाही. तो माझ्या आनंदाबद्दल आहे. निरोप दिलेली वस्तू दाराबाहेर पडल्यावर कुठे जाते, याबद्दल तो काही विचारत नाही. नीटनेटकं घर आणि चिलीच्या अटाकामा वाळवंटात पडलेले टाकाऊ कपड्यांचे डोंगर, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मला पुरलं ते एक जुनं उत्तर. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात गोष्ट आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला ५०० चीवरं दान दिली. राजा वैतागला: हा भिक्षू आता कापडाचं दुकान टाकणार की काय? त्याने जाऊन विचारलं, एवढ्यांचं करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं विरली आहेत त्या भिक्षूंना वाटीन. मग त्यांची जुनी? त्यांची पांघरायची-अंथरायची वस्त्रं होतील. ती जुनी झाली की? गाद्यांच्या खोळी. मग जमिनीवरची अंथरुणं, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. आणि फडकी विरली की? त्यांच्या चिंध्या करून चिखलात मिसळायच्या आणि जमीन लिंपायची. राजाचं समाधान झालं, आणि त्याने आणखी ५०० दिली.

या गोष्टीत मला खटकलं आणि मग पटलं ते असं: आनंद ५०० चीवरं नाकारत नाही. आकड्याने तो बिचकत नाही, कारण प्रत्येक धाग्याचा शेवटपर्यंतचा रस्ता त्याच्याकडे तयार आहे. वस्तू किती आहेत याचा हिशेब त्याला लागत नाही. त्या शेवटाला कुठे पोचतील हे त्याला ठाऊक आहे.

ही साखळी आपल्या घरांतही होती. आजीचं नऊवारी लुगडं विरलं की त्याची बाळासाठी दुपटी व्हायची. उरलेलं गोधडीत जायचं. गोधडी फाटली की तिचं पायपुसणं, मग जमीन सारवायचं पोतेरं, आणि शेवटी चुलीला चिंधी. टाकायला काही उरायचंच नाही. हे सांगताना गहिवरून यायची आपल्याला सवय आहे, पण दोन गोष्टी कबूल केल्या पाहिजेत. एक, ते वैराग्य नव्हतं, टंचाई होती. दुसरी लुगडं मिळाली असती तर आजीने आनंदाने घेतली असती. आणि दुसरी जास्त अवघड: त्या साखळीतली प्रत्येक कडी एका बाईच्या हातून जायची. दुपटं शिवणारी, गोधडीला टाके घालणारी, पोतेऱ्याने सारवणारी, सगळ्या बायाच. आमच्या घरात ‘वस्तू जपावी’ असं बाबा म्हणायचे आणि आई जपायची. कॉटनच्या साड्या ठेवणीत टाकायच्या आधी ती खळ धुऊन काढायची, कारण खळीला कसर लागते. लग्नातली पैठणी जुन्या धोतरात गुंडाळलेली असायची. वर्षातून दोनदा ती काढून आई घडी बदलायची, नाहीतर रेशीम आणि जर त्याच रेघेवर तुटते. कडुनिंबाचा वाळलेला पाला, डांबराच्या गोळ्या, पावसाळा संपला की उन्हं. हे सगळं आम्हाला ‘आपोआप’ होताना दिसायचं.

माझे ४३ टी-शर्टही कुणीतरी जपत होतंच. धुवायला टाकायची बायको, वाळत घालायच्या मावशी, घड्या पुन्हा बायकोच्या. कपाट माझं आणि कष्ट त्यांचे. मग त्यातलं माझं असं काय होतं?

त्या दिवाळीनंतर मी एक साधा नेम केला. माझे कपडे मीच धुणार, वाळत घालणार, घडी करणार, ठेवणार. यात मोठेपणा काही नाही. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी हे सुरू केलं हे सांगायलाही संकोच वाटतो. पण हाताने केल्यावर समजतं ते निराळं. टी-शर्टचं कापड विणीचं, फासात फास अडकवलेलं, म्हणून ते ताणतं. ओला टी-शर्ट हँगरवर टांगला की पाण्याच्या वजनाने लांबतो आणि खांद्यावर उंचवटे येतात. म्हणून तो दोरीवर मधोमध आडवा घालायचा, उलटा करून, सावलीत. छपाई टिकते आणि रंगही. घामाचे डाग घालवायला ब्लीच घातलं तर पिवळेपणा उलट वाढतो, हे एक टी-शर्ट घालवून शिकलो. नुसता हवेला लागलेला, एकदाच घातलेला टी-शर्ट ‘स्वच्छच आहे’ म्हणून खणात ठेवला, तर घाम चार महिन्यांनी आपली खूण दाखवतो. आणि जुलैत, हाताला कोरडा लागतो पण शिवणीत ओल असते असा कपडा आत गेला, की शेजारच्या चारांनाही वास लागतो.

मित्र म्हणाला, १९९ रुपयांच्या वस्तूसाठी एवढा वेळ? तुझ्या तासाची किंमत काय? हिशेब बिनतोड आहे. पण तो टी-शर्ट १९९ला का मिळतो, हेही त्याच हिशेबात धरायला हवं. २४ एप्रिल २०१३ला ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११००हून जास्त माणसं मेली. बहुतेक कपडे शिवणारी. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशीच दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं होतं. माझी घडी त्यांच्यातल्या कुणाला परत आणत नाही, हे मला ठाऊक आहे. पण वस्तू स्वस्त आहे म्हणून तिच्यात गेलेला माणसाचा वेळही स्वस्त, असं माझ्या वागण्यातून तरी ठरू नये, इतकंच.

गंमत म्हणजे, संख्या त्यानंतर आपोआप उतरली. वाळत घालायच्या दोरीची लांबी ठाऊक असलेला माणूस फुकटचा टी-शर्ट घेताना थबकतो. मागच्या वर्षी मी तीन वेळा ‘नको’ म्हणालो. देणाऱ्याला जरा विचित्र वाटतं, पण वाईट वाटत नाही. अपरिग्रहाची माझ्यापुरती व्याख्या आता एवढीच आहे: जेवढं स्वतःच्या हातांनी सांभाळता येतं तेवढं माझं. मावशींनी परत दिलेल्यांची फडकी झाली. त्यातली दोन अजून आहेत. फरशी अधूनमधून मी पुसतो.

एका टी-शर्टपाशी मात्र ही सगळी मांडणी अडते. निळा आहे, अर्धमॅरेथॉनचा. पक्षाघातानंतर बाबांना बटणं लावता येईनात, तेव्हा त्यांनी माझे टी-शर्ट घालायला सुरुवात केली. हा डोक्यावरून जाईना म्हणून आईने गळ्यापाशी कात्रीने उभी चीर दिली आणि तिला दोन बंद शिवले. जन्मभर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारा माणूस शेवटचे पाच महिने छातीवर ‘फिनिशर’ लिहिलेला टी-शर्ट घालून खिडकीशी बसायचा.

तो कुणाला देता येत नाही. मला घालवत नाही. त्याचं फडकं करावं, आनंदाने नक्कीच केलं असतं, हेही समजतं. मी करत नाही. याला आसक्ती म्हणतात आणि मी ती नाकारत नाही. फक्त तिचा भार दुसऱ्या कुणावर पडू देत नाही.

ऑक्टोबरात पाऊस पूर्ण थांबला की मी तो काढतो, दिवसभर हवेवर ठेवतो, आणि मागच्या वेळेपेक्षा निराळ्या रेघेवर त्याची घडी घालतो. मावशी एकदा ते बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, “ह्यो ऱ्हाऊ द्या.” मग त्यांनी बंद सरळ केले आणि भांड्यांना लागल्या.