कुंपणाची राखण



पावसाळा सरला की आपल्याकडे एक काम हमखास निघते, ते म्हणजे बागेच्या लाकडी कुंपणाचे. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. घोडबंदर रोडवरील सोसायटीची लहानशी बाग असो, डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी भागातील बंगल्याचे आवार असो की चर्चच्या अंगणातील फुलझाडांचा वाफा असो, काही पावसाळे सोसलेले कुंपण एके दिवशी कलते. मग मीटिंगमध्ये विषय निघतो. दुरुस्त करायचे, की सरळ काढून टाकायचे? खर्च कोणी करायचा? तळमजल्यावरचे म्हणतात, बाग सर्वांची आहे. चौथ्या मजल्यावरचे म्हणतात, आम्ही कुठे बागेत जातो? प्रश्न पैशांचा दिसतो, पण खरे तर तो नीतीचा आहे. जे आपल्या हाती सोपवले आहे ते का राखायचे आणि कोणासाठी राखायचे?

आधी लाकडाकडेच पाहू या. कुंपणाचा खांब बहुधा वरून कुजत नाही, कारण ऊन-वाऱ्याने तो सुकतो. खूप खोलवरही तो लवकर कुजत नाही, कारण तिथे हवा कमी असते. तो कुजतो जमिनीच्या पातळीला, जिथे माती आणि हवा एकमेकांना भेटतात. त्या वीतभर भागात ओलही मिळते आणि हवाही मिळते. बुरशी तिथे धरते, वाळवी तिथूनच वर चढते. म्हणून जाणते लोक खांबासाठी गाभ्याचे लाकूड निवडतात, बुंध्याला डांबर लावतात, पाणी निचरून जावे म्हणून खड्ड्यात खडी घालतात आणि फळ्या जमिनीपासून दोन बोटे वर ठेवतात. पाऊस येण्यापूर्वी पेचकसाचे टोक बुंध्याशी टोचून पाहतात. ते सहज आत गेले, तर खांब बदलावाच लागतो.

आपण मात्र पुष्कळदा काय करतो? सण आला की वरून रंग मारतो. लाकूड ओले असेल तर त्या रंगाने ओल आत कोंडली जाते आणि कुजणे उलट वाढते. प्रभू येशूने शास्त्री-परुशांना चुना लावलेल्या कबरींची उपमा दिली, ती इथे आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्या श्रद्धेचेही असेच आहे. ती रविवारच्या मिस्सेत सहसा कुजत नाही. ती कुजते जिथे श्रद्धा आणि रोजचा व्यवहार एकमेकांना भेटतात तिथे: ऑफिसात, दुकानाच्या हिशेबात, गर्दीच्या लोकलमध्ये, घरातल्या वृद्धांशी बोलताना. विवेकाची परीक्षा म्हणजे नेमके तिथे टोचून पाहणे.

काहींना वाटते, एकदा चांगले काम केले की ते टिकते. इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन यांनी १९०८ साली ‘ऑर्थोडॉक्सी’ या पुस्तकात याचे उत्तर दिले आहे. पांढरा खांब तसाच सोडून दिला तर तो लवकरच काळा होतो, पांढरा हवा असेल तर तो पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो, असा त्यांचा मुद्दा होता. हेच चेस्टरटन पुढे १९२२ साली कॅथलिक झाले. म्हणजे एखादी गोष्ट आहे तशी ठेवणे हे आळशाचे काम नव्हे, त्याला रोजचे कष्ट लागतात. लग्नाचे वचन, शेजाऱ्याशी सलोखा, मुलांशी संवाद हे एकदा मिळवून कपाटात ठेवता येत नाही.

आता ‘राखण’ हा शब्द पाहा. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने मनुष्याला एदेन बागेत ठेवले ते मशागत करण्यासाठी आणि राखण करण्यासाठी. चौथ्या अध्यायात हाबेलचा खून केल्यावर काईन देवालाच उलट विचारतो की, भावाची राखण करणे हे माझे काम आहे का? मूळ हिब्रू भाषेत दोन्ही ठिकाणी एकच धातू आहे, ‘शामर’. बाग राखणे आणि भाऊ राखणे यांसाठी पवित्र शास्त्राने एकच शब्द वापरला आहे. जो बागेबाबत ‘हे माझे काम नाही’ म्हणायला शिकतो, तो पुढे भावाबाबतही तेच म्हणू लागतो.

इथे कोणी रास्त शंका काढील. संत पौल इफिसकरांस लिहितात की ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडून टाकली. मग आपण ख्रिस्ती माणसांनी कुंपणे कशाला जपायची? शंका मोलाची आहे. तिचे उत्तर कुंपण कोणासाठी आहे यावर अवलंबून आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा आहे. का? तर तिथून कोणी पडू नये म्हणून. हा कठडा घरमालकाच्या मालमत्तेसाठी नाही, दुसऱ्याच्या जिवासाठी आहे. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताच्या कडा पूर्ण कापू नका, त्या गरिबासाठी व परक्यासाठी सोडा, असे सांगितले आहे. म्हणजे देवाला शेताची हद्द मान्य आहे, पण हद्दीपाशी दया संपलेली मान्य नाही.

आपली जुनी म्हण आहे, कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची? बागेचे कुंपण दरवर्षी फूटभर पुढे सरकते आणि पायवाट गिळते, तेव्हा कुंपणच शेत खात असते. फाटक फक्त काही मुलांसाठी उघडते आणि घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाला हटकले जाते, तेव्हाही तेच घडते. उलट मोडक्या फळीतून बाहेर आलेला गंजका खिळा कोणा लहानग्याच्या पायात घुसेपर्यंत तसाच राहिला, तर तोही आपल्याच दुर्लक्षाचा दोष आहे.

कोकणात भात कापून झाले की गुरे मोकळी सुटतात. अशा वेळी भाजीच्या मळ्याला काट्याकुट्यांची वई घालतात. तिला बाहेरच्या माणसासाठी येण्याजाण्याची वाट ठेवलेली असते. कोवळ्या रोपाला आधार आणि माणसाला वाट, इतके साधले की कुंपणाचे काम झाले.

तेव्हा या हंगामात आपल्या इमारतीच्या, आपल्या चर्चच्या कुंपणापाशी जरा थांबू या. बुंध्याशी टोचून पाहू या. कुजलेला खांब दिसला तर रंगाचा डबा नको, कुदळ आणू या. माळीबुवांवर सगळे सोडून न देता चौथ्या मजल्यावरच्यांनीही एक फळी धरू या. आणि फाटक नीट उघडते ना, हेही पाहू या.

ज्याने आपल्याला बाग दिली आणि बंधूही दिला, तो परमेश्वर दोन्ही राखण्याचे बळ आपणा सर्वांना देवो.