शिक्क्यासकट जपलेली कार्डं

शिरूर-दौंडकडच्या एखाद्या जुन्या घरात तारेत ओवलेली पोस्टकार्डं सापडली, तर रद्दीत देण्याआधी ती उजेडात धरून पाहा.

भारतात पोस्टकार्ड आलं जुलै १८७९ मध्ये, किंमत पाव आणा. संग्राहकाला त्यावरचा मजकूर हवा असतो, तितकाच शिक्काही. पत्त्यात कुणी शिरूर लिहिलेलं असतं, कुणी घोडनदी. गाव एकच! १५ ऑगस्ट १९७२ नंतरच्या कार्डांवर पिनकोड दिसू लागतो. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ही देणगी. शिरूरचा ४१२२१०, दौंडचा ४१३८०१. एकाच जिल्ह्यातले शेजारी तालुके, तरी तिसरा आकडा वेगळा. कारण तो टपालाच्या वर्गवारीचा विभाग सांगतो.

दिवाळीची, संक्रांतीची भेटकार्डं लोक हौसेनं ठेवत. निधनाची वार्ता देणारं, कोपरा फाडलेलं कार्ड मात्र वाचून लगेच फाडून टाकत. म्हणून कुठल्याही घरगुती संग्रहात सुखाचीच पत्रं जास्त उरतात, आणि ही उणीव मला फार बोलकी वाटते.

संग्रह करायचा तर तिकीट कापून काढू नका, चिकटपट्टी लावू नका, ओल लागू देऊ नका. आणि घरातल्या थोरल्यांना आजच विचारा, हे अक्षर कुणाचं? ते नाव साध्या पेन्सिलीनं, हलक्या हातानं, मागच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.