घर हलाल कशाने होते?

लग्न झाले, पहिले मूल झाले, की आपल्याकडच्या तरुणाला घराचे वेध लागतात. तोवर त्याचे अकरा महिन्यांच्या करारावर भागत होते. मालकाने खोली खाली करायला सांगितली तर गाद्या, भांडी आणि शेगडी टेम्पोत घालून दुसऱ्या गल्लीत जाता येत होते. मूल आले की हिशेब बदलतो. मुलाची शाळा, आईचा दवाखाना, बायकोच्या ओळखीपाळखी हे सगळे एका जागी लागते. भिंतीवर खिळा ठोकायला कुणाला विचारावे लागू नये, मुलाची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहून ठेवता यावी, इतकी साधी इच्छा त्यामागे असते. त्यात नाव आपल्यातले असेल तर भाड्याचे घर शोधणे ही आणखी एक परीक्षा. सकाळी फोनवर ‘फ्लॅट आहे’ म्हणणारा एजंट नाव ऐकल्यावर ‘कालच गेला’ म्हणतो. घर भाड्याने किंवा विकत घेताना मुसलमानांना येणाऱ्या या अडचणींची नोंद २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालातही आहे. तेव्हा स्वतःचे घर ही आपल्या तरुण बापाची हौस नाही, गरज आहे.

या गरजेच्या वाटेवर पहिला प्रश्न उभा राहतो तो व्याजाचा. बँकेचे कर्ज घ्यावे की नाही? प्रश्न खोटा नाही. २५ लाखांचे कर्ज ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले तर महिन्याला सुमारे २२,५०० रुपये हप्ता बसतो. पहिल्या हप्त्यातले १८,७५० रुपये नुसत्या व्याजात जातात, मुद्दल पावणेचार हजारांनीसुद्धा कमी होत नाही. वीस वर्षांनी मागे वळून पाहिले तर २५ लाखांसाठी जवळजवळ ५४ लाख भरलेले असतात. कुरआनने व्याजाविरुद्ध इतके कडक का सांगितले, हे समजायला या आकड्यांपलीकडे जावे लागत नाही. दुसरीकडे, बिनव्याजी बँकेची वाट आपल्या देशात उघडलेली नाही. २००८ साली रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. पण इस्लामी बँकेचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने ठरवल्याचे २०१७ साली स्पष्ट झाले. युरोपातल्या उलेमांच्या एका परिषदेने १९९९ साली तिथल्या मुसलमानांना, दुसरा मार्ग नसेल तर राहत्या घरापुरते असे कर्ज घेण्याची सवलत दिली. अनेक उलेमांना ती मान्य नाही. या वादाचा निकाल देण्याचा आमचा अधिकार नाही. ज्याने त्याने आपल्या आलिमाला आणि आपल्या मनाला विचारून ठरवावे.

आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. घर हलाल की हराम, हे फक्त बँकेच्या दारातच ठरते का? बँक तर सगळे पैसे देत नाही. उरलेली रक्कम कुठून येते?

एक उदाहरण घेऊ. समजा, फ्लॅट ५७ लाखांचा आहे. २५ लाख बँक देणार. उरलेल्या ३२ लाखांसाठी गावाकडचे, मरहूम अब्बांचे जुने घर विकायचे ठरते. मागे अम्मी आहे, हा एक मुलगा आणि दोन बहिणी. अब्बांच्या डोक्यावर कर्ज नाही आणि त्यांचे आईवडीलही हयात नाहीत. शरीअतचा हिशेब अगदी सरळ आहे. अम्मीचा आठवा हिस्सा, म्हणजे ४ लाख. उरलेल्या २८ लाखांत मुलाला दोन वाटे आणि प्रत्येक मुलीला एक. मुलाचे १४ लाख, बहिणींचे सात-सात लाख. म्हणजे ज्या ३२ लाखांना आपला तरुण बाप ‘आमचे पैसे’ म्हणतो, त्यातले १८ लाख त्याचे नाहीतच. निम्म्याहून जास्त रक्कम आईची आणि बहिणींची आहे.

ती त्याच्याकडे कशी येते, हे सर्वांना ठाऊक आहे. निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्र होते. आपा माहेरी दोन दिवस राहायला येते, सही करते आणि साडी घेऊन, मुलांसाठी मिठाईचा डबा घेऊन परत जाते. कुणी विचारलेच तर घरातले सांगतात, ‘तिने खुशीने सोडले.’ या बाबतीत आपण आणि आपले हिंदू शेजारी अगदी एकसारखे वागतो. फरक इतकाच, की मुलीचा वाटा आम्हांला चौदाशे वर्षांपूर्वी मिळाला असे आम्ही व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो.

ही ‘खुशी’ जरा तपासून पाहिली पाहिजे. बहिणीला माहीत असते, की हिस्सा मागितला तर ईदला भाऊ न्यायला येणार नाही. सासरी काही बरेवाईट झाले तर पाठीशी उभे राहायला माहेर उरणार नाही. सात लाख रुपये देऊन ती माहेराचा दरवाजा उघडा ठेवते. हा सौदा झाला, त्याला खुशी कसे म्हणायचे? खुशीने सोडले हे तेव्हाच म्हणता येईल, जेव्हा तिचा हिस्सा आधी तिच्या हातात, तिच्या खात्यात पडेल, आणि मग तिला वाटले तर ती तो भावाला परत देईल. हातात न आलेली वस्तू कुणी देऊ शकत नाही, ती फक्त मागायची सोडून देऊ शकते.

इथे मदीनेची एक गोष्ट आठवते. हिजरत करून पैगंबर साहेब मदीनेला पोहोचले, तेव्हा त्यांना स्वतःचे घर नव्हते. हजरत अबू अय्यूब अन्सारी यांच्या घरी ते काही महिने राहिले. मशिदीसाठी आणि तिच्या लगतच्या हुजऱ्यांसाठी जी जागा निवडली, ती सहल आणि सुहैल या दोन यतीम मुलांची होती. मुले म्हणाली, आम्हांला मोल नको, जागा अशीच घ्या. पैगंबर साहेबांनी ती फुकट घेतली नाही, मोल देऊनच घेतली. देणारे खुशीत होते, काम अल्लाहच्या घराचे होते, तरीही ज्यांची बाजू दुबळी त्यांची नुसती खुशी पुरेशी मानली गेली नाही. आपले दोन खोल्यांचे घर त्या घराहून मोठ्या कामाचे आहे काय?

आता घरातल्या दुसऱ्या बाईकडे वळू. मुद्रांक शुल्क, नोंदणी, फर्निचर यांचा खर्च उरतोच. तो बायकोच्या दागिन्यांतून निघतो. माहेरचा हार मोडतो, मेहरमध्ये आलेल्या बांगड्या मोडतात. शरीअतमध्ये नवऱ्याची मिळकत वेगळी आणि बायकोची वेगळी. ते सोने तिचे एकटीचे होते. ते मोडून झालेल्या घराच्या कागदावर मात्र पुष्कळदा एकट्या नवऱ्याचे नाव असते. कधी कधी बँक तिला सहकर्जदार करून घेते आणि बिल्डरचा करार तरीही एकट्याच्याच नावाने होतो. म्हणजे हप्ता थकला तर नोटीस तिलाही येईल, पण घर तिचे नाही.

‘घर तिचेच तर आहे,’ असे नवरा म्हणतो, आणि तो मनापासूनच म्हणत असतो. पण उद्या तो अचानक गेला तर? मुले असतील तर बायकोचा हिस्सा आठवा. त्याचे आईवडील हयात असतील तर त्यांचा प्रत्येकी सहावा. बाकीचे मुलांत वाटले जाईल. जिच्या सोन्याने दार-खिडक्या बसल्या, ती त्या घरात साडेबारा टक्क्यांची धनीण. सोसायटीत तिचे नाव नॉमिनी म्हणून लावले आहे, असा दिलासा पुष्कळ जण देतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो वारसांच्या वतीने मिळकत सांभाळणारा असतो. मृत्युपत्र करून घर तिला देऊ म्हटले तर वारसाच्या नावे केलेल्या वसीयतीला बाकीच्या वारसांची संमती लागते. तेव्हा जे करायचे ते जिवंतपणीच करावे लागते.

करायचे ते अवघडही नाही. खरेदीच्या वेळीच तिचे नाव मालक म्हणून घालता येते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून, घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ५७ लाखांच्या घरावर हे ५७ हजार रुपये होतात. खरेदी आधीच झाली असेल तर हिबा करता येतो. देण्याचा इरादा, घेणारीचा स्वीकार आणि ताबा, एवढ्यावर शरीअतचा हिबा पुरा होतो. कर्ज चालू असेल तर बँकेला विचारावे लागेल, इतकेच. आणि यातले काहीच जमत नसेल, तर निदान एका कागदावर लिहून ठेवावे, की तिचे इतके तोळे सोने घेतले आणि ते माझ्यावर कर्ज आहे. माणूस गेल्यावर वारसांना वाटण्याआधी त्याचे कर्ज फेडावे लागते. न दिलेला मेहरही त्यातच येतो.

लिहून ठेवण्याची ही गोष्ट आमच्या पदरची नाही. सूरह बकरहमध्ये व्याजाच्या मनाईच्या आयती २७५ पासून सुरू होतात. त्या संपताच लगेच २८२ क्रमांकाची आयत येते. कुरआनमधली ही सर्वांत लांब आयत नमाज-रोज्याबद्दल नाही. देणे-घेणे लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असे ती सांगते. व्याजाच्या आयती आपल्या तरुणांना पाठ असतात. त्याच पानांवरची ही पुढची आयत घर घेताना कुणाला आठवत नाही.

काही जण म्हणतील, हिस्से-वाटे, लिखापढी यांनी नात्यांतला गोडवा जाईल. बायकोच्या नावावर घर केले आणि उद्या पटले नाही तर? आम्हांला वाटते, ही भीती खरी असेल तर बायकोलाही तीच भीती असणार, आणि तिच्याजवळ तर आता सोनेही उरलेले नाही. दोघांनी एकमेकांवर भरवसा ठेवायचा असेल तर कागदावर एकट्याचेच नाव का असावे? बहिणीशी नाते हिस्सा दिल्याने तुटते, तसे ते न दिल्यानेही आतून झिजते. ते झिजणे दिसत नाही एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घर चालवण्याची, बायकामुलांना पोसण्याची जबाबदारी शरीअतने पुरुषावर टाकली आहे, म्हणून त्याला दोन वाटे मिळतात. हे बरोबरच आहे. पण ज्याला जबाबदारीसाठी दुप्पट दिले, त्याने उरलेले एकेक वाटेही घ्यावेत, असे कुठेही म्हटलेले नाही. बहिणीचे सगळे पैसे आज देण्याची ऐपत नसेल तर त्यालाही मार्ग आहे. बँकेला २० वर्षे हप्ता देणारा माणूस बहिणीला पाच वर्षांत हप्त्याने देऊ शकतो. तिला व्याजही द्यायचे नाही.

अम्मीचे काय, हा प्रश्न तर कुणी विचारतही नाही. गावच्या घरात ती मालकीण होती. चूल तिची, अंगणातला कढीपत्ता तिचा. शहरातल्या फ्लॅटमध्ये ती मुलाकडे ‘राहायला’ येते. हॉलमधल्या दिवाणावर झोपते, टीव्हीचा आवाज कमी करा म्हणायलाही बिचकते. तिचे ४ लाख त्या भिंतींत आहेत, हे तिला कुणी सांगितले तर ती कदाचित हसेल. पण नातवंडांना ते ठाऊक असावे. म्हणजे ‘दादी आपल्याकडे राहते’ असे न म्हणता ती ‘आपण दादीच्या घरात राहतो’ असेही म्हणतील.

आपल्याकडे हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद असा फरक करतात. अल्लाहच्या हक्कात कसूर झाली तर तौबा आहे, तो माफ करणारा आहे. बंद्याचा हक्क मारला तर माफी त्या बंद्याकडेच मागावी लागते. व्याजाच्या कर्जाची ज्याला बोचणी आहे, त्याने ती जरूर बाळगावी. पण ज्याला २५ लाखांवरच्या व्याजाने झोप येत नाही आणि १८ लाखांच्या हिश्श्यांवर गाढ झोप लागते, त्याची तराजू कुठेतरी एका बाजूला कललेली आहे. व्याजात तो स्वतः भरडला जातो. हिश्श्यात त्याच्यामुळे दुसरे भरडले जातात.

नव्या घरात कुरआनखानी होते, दुआ होते, दारावर रबच्या मेहरबानीची अरबी पाटी लागते. ते योग्यच आहे. त्याआधीच्या एका संध्याकाळी मात्र घरातल्या माणसांनी वही घेऊन बसावे. अम्मीचे किती, बहिणींचे किती, बायकोचे किती तोळे, कुणाला कधी आणि कसे द्यायचे, हे लिहावे. बहिणींना बोलावून ते वाचून दाखवावे आणि सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. मूल तिथे खेळत असले तरी चालेल, असले तर बरेच. बापाने आपल्यासाठी घर घेतले, हे त्याला पुढे कळणारच आहे. ते कुणाकुणाच्या पैशांतून उभे राहिले आणि बापाने ते कसे परत केले, हेही त्याला त्या वहीतून कळेल.