एका घरातल्या दोन चुली

सातास दोनाने भागले तर उत्तर काय? शाळकरी पोर सांगेल, साडेतीन. पायथन या संगणकभाषेला हाच प्रश्न घातला, तर तिची दुसरी आवृत्ती म्हणते तीन, आणि तिसरी म्हणते साडेतीन. खोटे कोणीच बोलत नाही. जुनीच्या रिवाजात पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की उत्तरही पूर्णांकच यायचे. आणि या दोघी एकाच यंत्रात नांदू शकतात!

तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली, ती मुद्दाम जुन्या चुका निस्तरायला. त्यातली एक आपल्या जिव्हाळ्याची. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतात लिहिलेला ‘मराठी’ हा शब्द मोजायला सांगितला, तर जुनी साधारणपणे त्याचे बाइट मोजून पंधरा म्हणे. नवी म, र, काना, ठ, वेलांटी अशा पाच खुणा मोजते.

सुधारणा रास्तच होती. पण जुनीच्या भरवशावर लिहिलेल्या कितीतरी आज्ञावली नवीत चालेनात. मग प्रश्न पडतो : आपली चूक सुधारण्याचा हक्क आपल्याला असला, तरी त्या चुकीवर ज्यांनी संसार थाटला, त्यांचा संसार मोडण्याचा हक्क आहे काय?

व्यवहाराने यावर तोड काढली, ती दोन चुलींची. युनिक्स घराण्यातल्या यंत्रांवर आज्ञावलीच्या पहिल्याच ओळीत ‘पायथन २’ की ‘पायथन ३’ हे लिहून ठेवता येते. घोटाळा होतो तो नुसते ‘पायथन’ म्हटल्यावर. एका यंत्रावर जुनी ओ देते, दुसऱ्यावर नवी. आणि भागाकार तक्रार न करता बदलतो. घरात आजोबा आणि नात ‘मान’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतात, तेव्हा आपलेही असेच होते. भांडण मतांचे नसते. कोणता अर्थ धरला, हे कोणी सांगितलेलेच नसते.

जुनीचा सांभाळ २०१५ साली थांबायचा होता; लोकांची अडचण पाहून मुदत १ जानेवारी २०२० पर्यंत वाढवली. त्यानंतरही ती जिथे आहे तिथे चालते, पण तिच्या कर्त्यांकडून डागडुजी होत नाही. यात मला न्याय दिसतो. जुन्याला जागा द्यावी, सवड द्यावी; पण त्याची जबाबदारी कोणाकडे आणि कुठवर, हेही वेळेवर सांगावे. न सांगता चूल विझवणे हा अन्याय; आणि विझलेली चूल पेटती आहे असे भासवणे, हाही अन्यायच.