योगक्षेम वाहणारा मधला माणूस

विम्याच्या कामाला नव्याने लागलेला मुलगा आधी नातेवाइकांच्याच दारात जातो. मामा, आत्या, शेजारचे काका. चहा होतो, चौकशी होते, आणि ‘उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर’ एवढे शब्द तोंडून निघाले की घरातली वडीलधारी बाई त्याला तिथेच थांबवते. ‘शुभ बोल रे बाबा. देव आहे ना बघायला.’ अशा वेळी हप्त्याचं कोष्टक काढून काही उपयोग नसतो, कारण हरकत पैशाची नसतेच. उद्याची तजवीज करणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं नव्हे का, हा तिचा प्रश्न असतो.

तो जुना आहे, आणि धर्म मानणाऱ्यांनी तो मनापासून विचारलेला आहे. अमेरिकेतले बहुतेक आमिश लोक आजही कंपन्यांचा विमा घेत नाहीत. कुणाचं कोठार जळलं तर सगळी वस्ती राबून ते पुन्हा उभं करते. इस्लामी धर्मशास्त्राचा आक्षेप अनिश्चिततेच्या सौद्याला आणि व्याजाला आहे. १९८५ साली इस्लामी फिक्ह अकादमीने व्यापारी विमा नामंजूर केला, परस्पर साहाय्यावर उभा असलेला विमा मात्र मान्य केला. म्हणजे दोन्हीकडे उद्याची सोय करणं पाप ठरत नाही. ती कुणी आणि कोणत्या बोलीवर करायची, एवढाच वाद उरतो.

विम्याचं गणित मांडण्यात तर धर्मोपदेशकच पुढे होते. ब्रेस्लाउ शहरातले पाद्री कास्पर नॉयमान यांनी आपल्या गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी जमवल्या. वयाची ठरावीक वर्षं घातकच असतात, हा लोकांचा समज त्यांना ताडून पाहायचा होता. त्याच नोंदींवरून एडमंड हॅली या खगोलशास्त्रज्ञाने १६९३ मध्ये आयुर्मानाचं कोष्टक तयार केलं. पुढे १७४० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर वेबस्टर आणि रॉबर्ट वॉलेस या दोन पाद्र्यांनी सहकाऱ्यांच्या विधवा-मुलांसाठी निधी उभारला आणि गणितज्ञ कॉलिन मॅक्लॉरिन यांच्याकडून हिशेब तपासून घेतला. पाद्री वारला की चर्चने दिलेलं घर कुटुंबाला सोडावं लागे. देवावर भार टाका असं लोकांना सांगणाऱ्यांनीच आपल्या माणसांची सोय आकडेमोड करून लावली, आणि त्यात त्यांना विसंगती वाटली नाही. ती नव्हतीच.

आपल्याकडे १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. २४५ कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झालं. त्याने ब्रीद निवडलं गीतेच्या नवव्या अध्यायातून, अनन्य भक्तांचा योगक्षेम वाहण्याचं वचन श्रीकृष्ण देतो तिथून. देवाचं वचन संस्थेने आपल्या नावावर घ्यावं, ही लहान गोष्ट नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारने आषाढीच्या वारकऱ्यांसाठी ३० दिवसांच्या विम्याची योजना आणली. वाटेत अपघाती मृत्यू आला तर वारसांना ५ लाख रुपये मिळणार होते. पंढरीची वाट चालणाऱ्यांची श्रद्धा त्यामुळे उणी झाली, असं कुणी म्हणणार नाही.

विमा घेणाऱ्याचा धर्म असा शाबूत राहतो. खरी कसोटी विकणाऱ्याची लागते.

एजंट हा कायद्याने कंपनीचा माणूस. ब्रोकर ग्राहकाचा. म्हणूनच ब्रोकर होणं सोपं नाही: थेट विम्याच्या ब्रोकिंग कंपनीला किमान ७५ लाखांचं भांडवल दाखवावं लागतं आणि जबाबदार अधिकाऱ्याला पुण्याच्या राष्ट्रीय विमा अकादमीची परीक्षा द्यावी लागते. पण मोबदला एजंटाला आणि ब्रोकरला, दोघांनाही कंपनीच देते, तोही हप्त्याच्या प्रमाणात. ब्रोकरने बाजू एकाची घ्यायची आणि पैसे दुसऱ्याकडून, अशी ही नोकरी. इथे नियमावली थोडंच काम करते, बाकीचं माणसाच्या सचोटीवर सोडलेलं असतं.

ती सचोटी दिसते प्रस्तावाचा अर्ज भरताना. प्रश्न येतो: तंबाखू, गुटखा, सिगारेट? समोरच्याच्या शर्टाच्या खिशात पुडी आणि चुन्याची डबी दिसत असते. ‘कधीमधी’, तो म्हणतो. विकणारा म्हणतो, ‘नाही लिहितो, उगाच हप्ता वाढेल.’ दोघंही खूश, सही होते. दीड वर्षाने तो माणूस तोंडाच्या कर्करोगाने जातो. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षं पूर्ण होण्याआधी अशी लपवाछपवी सापडली तर कंपनी क्लेम नाकारू शकते. बायकोच्या हाती पत्र येतं. अर्जावरचं ते ‘नाही’ नवऱ्याच्या अक्षरात नसतं, पण खाली सही त्याची असते. एका हप्त्याच्या कमिशनसाठी एका विधवेचं घर उघडं पाडणं, याला कुठलाच धर्म क्षमा करणार नाही.

या धंद्यात पाऊल टाकणाऱ्याने तो प्रश्न मोठ्याने वाचून विचारावा आणि मिळेल तेच उत्तर लिहावं, ग्राहक हातचा गेला तरी. आणि ज्यांच्या घरी नवी पॉलिसी आली आहे, त्यांनी सोबत जोडलेली अर्जाची प्रत आजच उघडून वाचावी. चूक दिसली तर लगेच लेखी कळवावी. पॉलिसी परत करायची झाल्यास हातात पडल्यापासून ३० दिवस मिळतात.