वीतभर खाली

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालं की राजूर घाट लागतो. घाट उतरला की काळ्या जमिनीचा मुलूख सुरू होतो. त्या मुलखात एक शेतकरी राहत होता. त्याला एक मुलगा होता.

एका वर्षी मृग लागला आणि पहिला पाऊस आला. रात्रभर घरावरचे पत्रे वाजत राहिले. सकाळी धुऱ्याच्या कडेला पाणी साचलं होतं. शेजाऱ्याने त्याच दिवशी बैल जुंपले आणि तिफण काढली.

मुलगा धावत बापाकडे आला.

"बाबा, शेजारच्या काकांनी सोयाबीन पेरायला घेतलं. आपण काहून थांबलो?"

बाप काही बोलला नाही. त्याने फावडं घेतलं. वावराच्या मधोमध जाऊन खड्डा खणला. वरची माती मुठीत घेऊन दाबली. तिचा गोळा झाला. मग वीतभर खालची माती काढून त्याने मुलाच्या हातात दिली.

"दाब."

मुलाने मूठ आवळली. उघडली, तर गोळा झालाच नव्हता. कोरडी माती बोटांच्या फटींतून खाली सांडली.

"सगळा मिळून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खात्याचे लोक सांगतात," बाप म्हणाला. "मले मिलिमीटर मोजता येत नाई. मी मूठ दाबून पाहतो."

तिसऱ्या दिवशी पाऊस परत आला. चांगला दमदार आला. शेजाऱ्याचं सोयाबीन तरारून वर आलं. बापाची पेरणी आठ दिवस मागे पडली. पारावर शेजारी सगळ्यांना सांगू लागला, "हा खड्डे खणत बसला, तवर माह्यं पीक वर आलं." लोक हसले. मुलाने मान खाली घातली.

"बाबा, काकांचंच बरोबर निघालं," तो घरी येऊन म्हणाला.

बाप बैलांना वैरण टाकत होता. तो टाकत राहिला.

दुसऱ्या वर्षीही तसंच झालं. पहिला पाऊस आला आणि शेजारी पेरून मोकळा झाला. बापाने खड्डा खणला. खालची माती मुठीत दाबली. ती सांडली. तो घरी जाऊन बसला.

मग पावसाने दडी मारली. अठरा दिवस नुसतं ऊन पडलं.

एका संध्याकाळी बाप मुलाला घेऊन शेजाऱ्याच्या वावरात गेला. शेजारी तासात उकिडवा बसला होता. त्याने बोटाने माती उकरून एक दाणा बाहेर काढला. दाणा फुगून फुटला होता. दोऱ्याएवढा कोंब बाहेर आला होता आणि टोकाशी काळा पडला होता. शेजारी तो दाणा तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिला.

दुबार पेरणीच्या बियाण्यासाठी त्याला जोडीतला एक बैल विकावा लागला. पेरणीच्या दिवशी बापाने आपला बैल त्याच्या तिफणीला दिला.

परतताना मुलाने विचारलं, "बाबा, गेल्या वर्षी काकांना साधलं. मग यंदा कसं फसलं?"

"गेल्या वर्षीची मूठ आठव," बाप म्हणाला. "अन् यंदाची."

मुलाने आठवून पाहिलं. दोन्ही वर्षी माती सारखीच सांडली होती. तो कोड्यात पडला, पण पुढे काही विचारलं नाही.

मुलगा मोठा झाला आणि फौजेत भरती झाला. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी बदली होत होत तो काश्मीरमधल्या गुरेजला पोचला. तिथे हिवाळ्यात रझदान खिंड बर्फाने बंद होते आणि खोऱ्याचा बाहेरच्या रस्त्याशी संबंध तुटतो.

चौकीवर एक उस्ताद होता. तो नव्या पोरांना बर्फाची ओळख करून द्यायचा. "30 ते 45 अंशांच्या उतारावर सगळ्यात जास्त सांभाळा," तो सांगायचा. "याहून सपाट उतारावर बर्फ सहसा घसरत नाही आणि याहून उभ्या उतारावर फारसा साचत नाही. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या 15 मिनिटांत बाहेर काढलं तर तो बहुतेक वाचतो. त्यानंतर आशा भराभर कमी होते."

जानेवारी 2017 मध्ये याच गुरेजमध्ये हिमस्खलन झालं आणि कितीतरी जवान गेले. त्यांत वऱ्हाडातलेही होते. मुलाने ती बातमी शाळेत असताना गावात ऐकली होती.

पुढच्या चौकीला जायला दोन वाटा होत्या. एक उतार आडवा कापून जायची, तासाभराची. दुसरी डोंगराच्या धारेवरून जायची, चार तासांची. त्या डिसेंबरात गस्त तीनदा उताराच्या वाटेने गेली आणि सुखरूप परतली.

जानेवारीत दोन दिवस वारा आणि बर्फ एकत्र आले. तिसऱ्या दिवशी आभाळ निवळलं. गस्त निघाली. पुढे मुलगाच होता. उतारापाशी येऊन तो थांबला.

मागचा तरुण शिपाई म्हणाला, "दादा, तीनदा गेलोय आपण इथून. चला, तासात पोचू."

त्याने पाठीवरचं फावडं काढलं. उताराच्या कडेला धोका नसलेली जागा पाहिली आणि छातीइतका खड्डा खणला. वरचा बर्फ फळीसारखा घट्ट होता. वाऱ्याने तो थापून बसवला होता. खाली डिसेंबरातला जुना बर्फ होता. कडाक्याच्या कोरड्या रात्रींनी त्याचे जाड्या साखरेसारखे दाणे करून टाकले होते.

त्याने वरचा बर्फ मुठीत दाबला. गोळा झाला. मग तळाचा बर्फ घेऊन दाबला. दाणे हातमोज्याच्या बोटांतून खाली सांडले.

तो क्षणभर आपल्या हाताकडे बघत राहिला.

मग उस्तादाने शिकवल्याप्रमाणे त्याने फावड्याच्या रुंदीचा बर्फाचा खांब कापला. खांबाच्या माथ्यावर फावडं आडवं ठेवलं. त्यावर आधी नुसत्या मनगटाने दहा हलक्या थापा मारल्या. खांब उभा राहिला. मग कोपरापासून हात उचलून थापा मारायला लागला. दुसऱ्याच थापेला वरची सबंध लादी सुटली आणि सरकत त्याच्या पायांशी आली.

"धारेवरून जायचं," तो म्हणाला.

"पण दादा, तीनदा…"

"तीनदा आपण खणलंच नव्हतं."

गस्त धारेवरून गेली. चार तास लागले. पापण्यांवर बर्फ धरला, बोटं बधिर झाली. तरुण शिपाई वाटभर कुरकुरत होता. उतार खाली दिसत होता, पांढराशुभ्र आणि शांत. त्यानंतर हिवाळाभर गस्त धारेवरूनच गेली.

उतार मात्र घसरला नाही. त्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही. उन्हाळ्याच्या तोंडी तिथला बर्फ मुकाट्याने वितळून गेला.

"बघा," तरुण शिपाई म्हणाला, "उगाच चार-चार तास पाय झिजवले."

जूनमध्ये मुलगा रजा घेऊन पेरणीसाठी गावी आला. राजूर घाट उतरताना पहिला पाऊस लागला. रात्री जेवताना त्याने बापाला सगळं सांगितलं.

"बाबा, उतार घसरलाच नाही. पोरं म्हणतात, मी उगाच भ्यालो."

"खालची मूठ सांडली होती ना?" बापाने विचारलं.

"सांडली होती."

"मंग तू बरोबर होता."

मुलाला ती दोन वर्षं आठवली आणि लहानपणीचं कोडं सुटलं.

सकाळी दोघं वावरात गेले. मुलाने फावडं उचललं, इतक्यात त्याचं शेजारच्या वावराकडे लक्ष गेलं. तिथे काका वाकून खड्डा खणत होते. त्यांनी खालची माती मुठीत घेतली, दाबली आणि मूठ उघडली. माती सांडली. काका फावडं खांद्यावर टाकून घराकडे चालू लागले.

तात्पर्य : निभावलं म्हणजे बरोबर होतं असं नाही, आणि काही घडलं नाही म्हणजे थांबणं वाया गेलं असंही नाही. पाऊल टाकण्याआधी पायाखालचं खणून पाहावं.